लॉन काढायचंय, मग काय लावू?

*स. न. वि. वि. आम्ही दोघंही शिक्षक, आता निवृत्त. सासवडजवळ दहा गुंठे जागा घेऊन छोटं घर बांधलं. ओटा पश्चिमेला आहे, त्याच्यासमोर एक गुंठाभर लॉन केलं. बोअरचं पाणी मार्चमध्ये तुटतं, मग टँकर. माळी पंधरा दिवसांतून एकदा येतो. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे खाली बसून काही करता येत नाही. सिअॅटलला असलेल्या सुनेने तिच्या कॉलनीतल्या शोभेच्या गवतांचे फोटो पाठवले आणि म्हणाली, "आई, याला काहीच करावं लागत नाही." मी हौसेने निळ्या फेस्क्यूची बारा रोपं ऑनलाइन मागवली, ती ऑगस्टपर्यंत कुजली. नर्सरीतून पॅम्पास आणि जांभळं फाउंटन ग्रास आणलं. फाउंटन जगलं, पॅम्पासला दोन वर्षांत तुरा नाही, नुसती पाती. यांचं म्हणणं, घरासमोर गवत माजू दिलं तर लोक हसतील आणि साप येतील ते वेगळंच. बिनकष्टाचं गवत खरंच असतं का? कोणतं लावू? की सरळ फरशी घालून मोकळी होऊ? — एक वाचक, ता. पुरंदर*

बाई,

(शिक्षिका आहात, म्हणून बाईच म्हणते.) सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तोच मला सगळ्यात घाईचा वाटतो. फरशी घालू नका. तुमचा ओटा पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये दुपारभर तापलेली फरशी रात्री नऊपर्यंत ओट्यावर ऊन ओकत राहील आणि तुम्हाला संध्याकाळी बाहेर बसवणार नाही. शिवाय पुरंदरात मोजूनमापून पडणारा पाऊस फरशीवरून वाहून रस्त्यावर जाईल आणि मार्चमध्ये तुम्ही पुन्हा टँकरवाल्याला फोन कराल.

लॉन मात्र काढा. त्याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही. साधा हिशेब मांडून सरांना दाखवा. जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवंगार राहायला लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं. तुमचं लॉन गुंठाभर, म्हणजे १०० चौरस मीटर. दिवसाला ५०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत जमिनीत, आणि त्याच्या बदल्यात मिळतं काय, तर पंधरवड्याला मशीन फिरवायचं काम.

आता फेस्क्यूबद्दल. ती बारा रोपं तुमच्या हातून गेली असं मनाला लावून घेऊ नका. निळं फेस्क्यू थंड देशातलं गवत आहे. ते वाढतं गार हवेत, आणि उन्हाळा त्याला कोरडा लागतो. तुमच्या सुनेच्या सिअॅटलला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. आपल्याकडे नेमकं उलटं. ऑगस्टमध्ये इथे रात्रीही हवा उबदार आणि ओली, बुंध्याशी सतत दमटपणा. ते गवत कुजणारच होतं. सुनेचं म्हणणं खरं आहे, पण तिच्या गावापुरतं. तिथली गवतं थंडीत झोपतात, म्हणून तिथल्या लोकांना हिवाळा संपता संपता छाटायला सांगतात. आपली गवतं उन्हाळ्यात झोपतात आणि रोहिणी-मृगात जागी होतात. इंग्रजी व्हिडिओ बघून फेब्रुवारी-मार्चमध्ये "छाटलं तरी फुटत नाही हो" म्हणून मला पत्रं येतात, त्यांचं मूळ इथे आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: बिनकष्टाचं गवत शोधायचं असेल तर ते आपल्या पावसाच्या घड्याळावर चालणारं असलं पाहिजे. तसं गवत लावलंत तर दोन पावसाळे मनापासून काम करावं लागेल, आणि तिसऱ्या वर्षापासून वर्षातले दोन-तीन दिवस. "काहीच करावं लागत नाही" असं गवत मी अजून पाहिलेलं नाही.

पहिलं नाव वाळ्याचं. तुम्ही वाळा माठातल्या पाण्यात घातला असेल, कूलरच्या ताट्यांना त्याचा वास घेतला असेल, पण बागेत झुडूप म्हणून बहुतेक पाहिला नसेल. पुरुषभर उंचीचा, सरळ उठून टोकाशी वाकणारा, एका जागी राहणारा ठोंब. हरळीसारखा तो जमिनीखालून धावत नाही, आणि दक्षिण भारतात जो लागवडीचा वाळा आहे त्याला रुजणारं बी जवळजवळ येतच नाही, म्हणून जिथे लावाल तिथेच राहतो. मुळं सरळ खाली जातात, तीन-चार मीटरपर्यंतही. त्यामुळे मुरमाड जमिनीत बाकीचं सगळं माना टाकतं तेव्हा वाळा उभा असतो. कर्नाटकात म्हैसूरजवळच्या गुंडलुपेट भागात शेतकरी पिढ्यानपिढ्या बांधावर वाळ्याची रांग लावत आले आहेत, आणि १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या माणसांनी माती अडवण्यासाठी हीच गोष्ट उचलून धरली. तुमच्या जागेला उतार असेल तर त्या उतारावर आडवी एक रांग लावा, वाहून जाणारी माती ती थोपवून धरेल.

वाळ्याची आणखी एक गंमत सांगते, ती ऐकून सरांचं मन वळेल असं वाटतं. माझ्याकडे कुंपणाला वाळ्याचे नऊ ठोंब आहेत. जूनच्या शेवटी एक पिवळ्या डोक्याची सुगरण येते, नर असतो तो. पात्याच्या कडेला, बुंध्याकडे, चोचीने एक खाच पाडतो. मग ती कड चोचीत धरतो आणि सरळ वर उडतो. पातं उभं फाटतं आणि हातभर लांबीची बारीक दोरी त्याच्या चोचीत लोंबत राहते. टर्र असा आवाज येतो, कापड फाडल्यासारखा. तेवढ्याच दोरीसाठी तो दिवसात वीस-पंचवीस खेपा घालतो. मी चहाचा कप हातात घेऊन गार होईपर्यंत बघत बसते. पॅम्पासवर त्याने कधी असं केलेलं मी पाहिलेलं नाही.

माठासाठी मुळं हवी असतील तर कुंपणातला ठोंब उपटायला जाऊ नका, मुरमात ते माळ्यालाही जमणार नाही. एक वेगळा फुटवा जुन्या सिमेंटच्या पोत्यात, रेती आणि माती मिसळून लावा. दीड वर्षाने पोतं उभं चिरलं की मुळांचा जुडगा आपोआप हातात येतो.

दुसरं, आणि तुमच्या जमिनीला सगळ्यात शोभेल असं, डोंगरी गवत. तुमच्या घराच्या आसपासच्या माळावर ते असणारच. गुडघ्याएवढं, कधी कंबरेला लागेल इतकं. भाद्रपद-आश्विनात त्याला सोनेरी-तांबूस तुरे येतात आणि वाऱ्यावर ते सगळे एकदम एका बाजूला झुकतात. याच कुळातल्या वाळ्याचं हे धाकटं भावंड. त्याच्या जोडीला मारवेल. मारवेलच्या तुऱ्याला हाताच्या बोटांसारखी जांभळट कणसं असतात आणि वाळताना त्याची काडी तांबूस होते. ही दोन्ही चाऱ्याची गवतं आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठात आणि झाशीच्या भारतीय चारा व गवत संशोधन संस्थेत (ती १९६२ची) अशा गवतांवर चारा म्हणून काम चालत आलं आहे. आपण बागवाल्यांनी मात्र त्यांच्याकडे कधी सौंदर्य म्हणून पाहिलंच नाही. उरुळी कांचन-यवतच्या रस्त्यावर नर्सऱ्यांची रांग लागलेली आहे, पण तिथे डोंगरी गवत मागितलंत तर तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघतील. याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्या मातीत ते हजारो वर्षं वाढतंय, तिथे आपण लांबून आणलेलं फेस्क्यू कुजवतो.

मग मिळवायचं कुठून? वनखात्याच्या जमिनीतून काही उपटू नका, ते कायद्यानेही चालत नाही आणि माळाचंही नुकसान होतं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावरचे दोन-तीन ठोंब जूनमध्ये मातीसकट घ्या, किंवा दिवाळीच्या सुमारास तुरे वाळले की बी ओरबाडून कागदी पिशवीत ठेवा. बऱ्याच गवतांचं ताजं बी लगेच रुजत नाही, काही महिने झोपतं, म्हणून पुढच्या मृगातच पेरा. आणि नावावर जाऊ नका. एकाच गवताला चार गावांत चार नावं असतात. शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर आजोबा भेटले तर त्यांना काडी दाखवा, ते बुंधा चुरडून वास घेऊन सांगतील आणि मेंढरं ते कुठल्या महिन्यात खातात हेही सांगतील.

गवती चहा तुमच्याकडे असेलच. त्याला आपण नळाजवळच्या कोपऱ्यात कोंबून ठेवतो, पण उघड्या उन्हात दोन-दोन फुटांवर सात-आठ ठोंब ओळीने लावले तर फिक्या हिरव्या कारंज्यासारखे दिसतात. ओट्याच्या पायरीपाशी लावा, येता-जाता हात लागला की वास येतो. पात्याची कड कापते तेवढं सांभाळा. दर तीन वर्षांनी ठोंब मधून काळा पडतो, तेव्हा उपटून फुटवे वेगळे करून पुन्हा लावायचे, हे काम माळ्याचं.

जांभळं फाउंटन जगलंय ते ठेवा. त्याला रुजणारं बी जवळजवळ येतच नाही, म्हणून ते माळावर पसरायची फारशी भीती नाही. तीन-चार वर्षांनी थकतं, मग फुटवा काढून नवं करायचं. पण नर्सरीवाला "हेच, फक्त हिरवं आहे" म्हणून साधं पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचं फाउंटन ग्रास पुढे करेल, ते घेऊ नका. त्याचं बी वाऱ्यावर जातं आणि रुजतं. हवाई आणि अॅरिझोनात त्याने मोकळी जमीन व्यापली आहे, आणि ते वाळल्यावर आगी भडकतात. तुमच्या कुंपणापलीकडे चिंकारा चरतात असे माळ आहेत आपल्या जिल्ह्यात, मयूरेश्वरचं अभयारण्य फार लांब नाही. आपल्या हौसेपायी त्या माळाला नवा त्रास नको.

पॅम्पास काढून टाका. तुरा येवो न येवो, त्याची पाती करवतीसारखी असतात, सहा-सहा फूट जागा खातात, आणि साफ करताना लांब बाह्यांचा सदरा आणि जाड हातमोजे असले तरी ओरखडे चुकत नाहीत. तुमच्या गुडघ्याला आणि माळ्याच्या हातांना ते परवडणारं नाही. बी धरलं तर तेही लांबवर उडतं, कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये त्याच्याशी झगडा चालू आहे. नदीकाठी आश्विनात पांढरेशुभ्र तुरे दिसतात ते काश गवतही मोहात पाडतं. लांबूनच बघा. जमिनीखालून ते असं पसरतं की एकदा घुसलं की निघत नाही.

आणि कुसळी. हिच्याबद्दल मी दोन मनांत असते. दिसायला इतकी देखणी की कार्तिकातल्या तिरप्या उन्हात तिच्यावरून नजर हटत नाही. लहानपणी आम्ही काय करायचो, एक पिकलेलं कुसळ तोडायचं, तळहातावर थुंकी लावायची आणि ते त्यावर ठेवायचं. क्षणभर काहीच होत नाही. मग ते काळसर शेपूट हळूच पीळ सोडायला लागतं आणि कुसळ हातावर आपोआप गोल फिरतं, जिवंत किड्यासारखं. ओलाव्याने पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि अशा पिळांनी ते बी स्वतःला जमिनीत भोक पाडून खाली नेतं. मातीत ते ठीकच. पण हाच पीळ मोज्यात, कुत्र्याच्या कानात आणि लहान मुलाच्या पावलातही भोक पाडतो. तुमच्याकडे नातवंडं सुट्टीत येत असणार. तेव्हा कुसळी कुंपणाबाहेरच असू द्या.

आता काम. खरी मेहनत लावण्यात नाही, लावण्याआधी आहे, आणि नव्वद टक्के बागा इथेच फसतात. तुमचं लॉन बहुतेक हरळीच्याच एखाद्या जातीचं असणार. ते वरवर खरवडून त्यात डोंगरी लावलंत तर पहिल्या पावसात हरळीच्या काशा (जमिनीखालून धावणाऱ्या तिच्या काड्या) त्या ठोंबांच्या पोटातून वर येतील, आणि मग वेगळं काय करणार? दोघांची मुळं एकमेकांत गुंतलेली, उपटायला गेलं तर दोन्ही उपटतं. म्हणून लॉनचं पाणी फेब्रुवारीतच बंद करा. एप्रिलमध्ये टिकाव-फावड्याने कमीत कमी वीतभर खोल उकरून घ्या, ढेकळं उन्हात तापू द्या, आणि पंधरा दिवसांनी काशा हाताने वेचून घ्या. वेचलेल्या काशा कंपोस्टमध्ये टाकू नका, त्या तिथे मरत नाहीत, उन्हात पार कुरकुरीत वाळवा. वळवाचा एखादा पाऊस झाला की राहिलेल्या काशांना हिरवे कोंब दिसतील. त्या वेळी दुसऱ्यांदा वेचणी. लव्हाळा असेल तर त्याच्या गाठी खालपर्यंत खणून काढाव्या लागतात. या दोन वेचण्या माळ्याबरोबर आणखी दोन मजूर लावून करा, खर्च होऊ द्या. इथे वाचवलेले पैसे पुढची पाच वर्षं खुरपणीत जातात.

लावणी मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर. वाळ्याचा फुटवा घेताना दोन-तीन काड्यांचा घ्या, पाती वीतभर ठेवून कापा, मुळं दोन-तीन बोटं ठेवा. एवढी कापलेली काडी बघून जीव कासावीस होतो, पण ती तशीच जोमाने फुटते. शोभेसाठी लावताना दोन ठोंबांत तीन फूट अंतर, उतारावर माती अडवायला लावताना मात्र वीतभरच. डोंगरी आणि मारवेल दीड-दोन फुटांवर. पहिल्या वर्षी मधली जागा उघडीबोडकी दिसेल आणि तुमचा हात आणखी रोपं खुपसायला शिवशिवेल. तो आवरा. माझ्या भावाच्या शेतघरी मी स्वतः हे केलं होतं, दीड-दीड फुटावर वाळा लावला, वर रोज ठिबक चालू ठेवलं, शेणखताची पाटी प्रत्येकाला. दुसऱ्या वर्षी सगळा वाळा उसासारखा लोळला आणि आतून कुजला. मोकळ्या जागेत पहिल्या पावसाळ्यात तेरडा, झिनिया टाका, जमीन झाकली जाईल.

खत घालू नका. युरियाचा दाणाही नको. गवताला सुपीक जमीन मिळाली की ते उंच, मऊ आणि लोळणारं होतं. तुमचा मुरूम हीच त्याची तालीम आहे.

पाणी: लावल्यावर आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली तर प्रत्येक ठोंबाला एक कळशी. पहिला हिवाळा-उन्हाळा दहा-बारा दिवसांनी एकदा, तेही संध्याकाळी आणि बुंध्याशी. दुसऱ्या उन्हाळ्यात वाळा, गवती चहा आणि फाउंटन यांना तीन आठवड्यांनी एकदा पुरतं. डोंगरी-मारवेलला दुसऱ्या वर्षापासून तोडाच.

आणि इथे येतो तो कसोटीचा काळ. माघ लागला की डोंगरी पिवळं पडेल, मग गव्हाच्या काडासारखं, मग तपकिरी. सर म्हणतील, मेलं. तुम्हालाही वाटेल. बुंध्याशी बोटांनी थोडं उकरून बघा, काड्यांच्या तळाशी फिकट, ओलसर भाग सापडेल. गवताचा कोंब तिथे, जमिनीलगत असतो, शेंड्याला नाही. म्हणून तर गुरांनी खाल्लं, विळ्याने कापलं तरी गवत पुन्हा येतं. तपकिरी पाती म्हणजे त्याने अंगावरून काढून टाकलेलं पांघरूण. त्या दिवसांत पाणी ओतून ते हिरवं करायचा हट्ट धरला तर तुम्ही पुन्हा लॉनच पाळायला लागाल. या तपकिरी रंगावर प्रेम करता आलं तरच हे गवत लावा, इतकं स्पष्ट सांगते. ज्यांना बारा महिने हिरवं हवं त्यांनी वाळा आणि गवती चहावर थांबावं.

कापणी वर्षातून एकदाच. घरापासून वीस फुटांच्या आतलं सगळं होळीच्या आधी कापून घ्या, लांबचं रोहिणी नक्षत्रात, मे महिन्याच्या अखेरीला, म्हणजे दाणे खायला मुनियांचे थवे येतात त्यांनाही पोटभर मिळेल. आधी ठोंबाला कंबरेशी सुतळी आवळून पेंढी बांधा, मग खाली विळा चालवा. न बांधता कापलं तर काडी चौफेर उधळते आणि ती गोळा करण्यात दिवस जातो. बांधून कापलं तर एक ठोंब, एक पेंढी. वाळा वीत-दीड वीत ठेवून कापा, बाकीचे चार-सहा बोटं. पेंढ्या शेजारच्या गोठ्यात द्या किंवा ठोंबांच्या मध्ये आच्छादन म्हणून पसरा. तुम्हाला बसवत नसेल तर बॅटरीवर चालणारा हेज ट्रिमर मिळतो, उभ्याने जमतो, पण माझ्या मते हे दोन दिवस माळ्यालाच द्या आणि तुम्ही सुतळी कापून द्यायला खुर्चीवर बसा.

होळीच्या आधी असं का सांगितलं, तर आग. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. कुणी कितीही सांगू दे की "पेटवून द्या, राख चांगली असते", पेटवू नका. माझ्या पाहण्यात बांधावरचं गवत जाळायला लावलेली आग वाऱ्यासरशी आंब्याच्या बागेत शिरली, आणि सात वर्षांची कलमं बघता बघता करपली. घराच्या भिंतीला, गॅसच्या सिलिंडरला, गाडी उभी करता त्या जागेला लागून उंच गवत नको.

सापांबद्दल सरांची शंका रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. गवतात साप येतो तो उंदरासाठी आणि सावलीसाठी. घोणस तर वाळल्या पाचोळ्यात अशी मिसळून जाते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. वाळा किंवा गवती चहा लावला की साप आणि डास फिरकत नाहीत असं कुणी छातीठोकपणे सांगेल, त्यावर विसंबू नका. तेलाची गोष्ट वेगळी, उभं झाड काही हाकलत नाही. काय करायचं ते सांगते. ओट्यापासून दहा फूट जागा पूर्ण मोकळी, बारीक खडी टाकलेली. पायवाट चार फूट रुंद, म्हणजे दोन्हीकडची पाती वाकली तरी पाय कुठे पडतोय ते दिसेल. ठोंब वेगवेगळे उभे, खालचा बुंधा दिसेल असे. दाट भिंत फक्त कुंपणाला. विटांचे, फांद्यांचे ढीग गवताजवळ नकोत, पक्ष्यांना दाणे टाकायचे तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. कापणी करताना माळ्याला गमबूट आणि हातमोजे द्या आणि आधी काठीने ठोंब हलवायला सांगा. रात्री ओट्यावरून उतरताना टॉर्च, मग गवत असो वा नसो. आणि घरात कुणाला दमा असेल तर झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली तुऱ्याचं गवत लावू नका, परागांचा त्रास होतो.

लोक हसतील त्यावर एक उपाय मला नेहमी लागू पडलेला आहे. गवत कसंही वाढो, कडा रेखीव ठेवायच्या. पायवाटेला दगडांची सरळ ओळ, खडी स्वच्छ, आणि ठोंब तीन-पाच-सातच्या गटात. मग कुणी "माजलंय" म्हणत नाही. तुमच्या जागेत मी असं मांडेन: पश्चिमेच्या कुंपणाला चाळीस फुटांत वाळ्याचे तेरा ठोंब, त्याच्या अलीकडे जांभळ्या फाउंटनचे तीन-तीनचे दोन गट, आणि पुढे डोंगरी-मारवेल मिसळून पंचवीस-तीस. सरांना लॉन हवंच असेल तर खडीच्या मधोमध दहा बाय बाराचा एक तुकडा साध्या गावरान हरळीचा ठेवा, चहूबाजूंनी विटा जमिनीत उभ्या पुरून, म्हणजे काशा बाहेर जाणार नाहीत. दिवसाला बादली-दोन बादल्या मिळाल्या तरी ती जगते, न मिळाल्या तर पिवळी पडून पावसाची वाट बघते. भाद्रपदात गणपतीच्या एकवीस दूर्वांच्या जुड्या घरच्या घरी निघतील.

त्या तुकड्यावर सरांची खुर्ची ठेवताना तोंड पश्चिमेला करा. शोभेच्या गवताला ऊन पाठीमागून लागावं लागतं. तुमचा ओटा पश्चिमेचा आहे हे तुमच्या पत्रात वाचलं तेव्हाच मी मनात म्हटलं, जागा गवतासाठीच आहे. दसऱ्यानंतर संध्याकाळी साडेपाचला, सूर्य कुंपणाच्या वर हातभर असताना, चहा घेऊन त्यांना तिथे बसवा. डोंगरीचे तुरे त्या वेळी आतून पेटल्यासारखे दिसतात, एकेक केस वेगळा. पहिल्या वर्षी तुरे मोजकेच असतील. दुसऱ्या वर्षी मला फोटो पाठवा.